ओस्तानदाराची शिडी



इराणमध्ये प्रांताच्या प्रमुखाला ‘ओस्तानदार’ म्हणतात. आपल्या राज्यपालासारखे हे शोभेचे पद नव्हे. प्रांताचा सगळा सरकारी कारभार त्याच्या हाताखाली चालतो. त्याला लोक निवडून देत नाहीत. गृहमंत्री नाव सुचवतो, मंत्रिमंडळ नेमणूक करते. म्हणजे वर बसलेल्या पुरुषांनी खालच्या पुरुषाला हात देऊन वर घ्यायचे.

महमूद अहमदिनेजाद असेच वर आले. माकू, खोय या सरहद्दीकडच्या भागांत त्यांनी कारभार पाहिला. १९९३ साली पूर्व अझरबैजानातून अर्दबिल हा नवा प्रांत निघाला, त्याचे ते पहिले ओस्तानदार. १९९७ मध्ये खातमी निवडून आल्यावर त्यांचे पद गेले. पण असा माणूस बाहेर फेकला जात नाही. विद्यापीठात शिकवता शिकवता २००३ मध्ये ते तेहरानचे महापौर झाले आणि २००५ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष.

त्याच १९९७ साली आझम तालेघानी यांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज भरला होता. शहाच्या राजवटीत तुरुंगात राहिलेली, क्रांतीनंतरच्या पहिल्या संसदेत निवडून आलेली ही बाई. अनुभव काय कमी होता? पण घटनेचे ११५ वे कलम म्हणते, राष्ट्राध्यक्ष धार्मिक आणि राजकीय ‘रिजाल’मधून निवडावा. रिजाल म्हणजे पुरुष, की नामवंत व्यक्ती? शब्दाचे दोन्ही अर्थ होतात, आणि तालेघानींना नेमका त्याचाच निकाल हवा होता. पालक मंडळाने त्यांना उमेदवारी नाकारली. २०१९ मध्ये त्या गेल्या.

आणि हे माजी ओस्तानदार सत्तेवर आल्यावर? २००७ मध्ये त्यांच्या सरकारने संसदेत कुटुंब संरक्षण विधेयक पाठवले. नाव पाहा, संरक्षण! त्यातल्या २३ व्या कलमाप्रमाणे नवऱ्याला दुसरे लग्न करायला पहिल्या बायकोची संमती लागणार नव्हती. ऐपत दाखवून कोर्टाची परवानगी घेतली की पुरे. वर्षभर आधीच विषम कायद्यांविरुद्ध दहा लाख सह्या गोळा करण्याची मोहीम बायकांनी सुरू केली होती. दारोदार, बसमध्ये, बागेत त्या सह्या मागत होत्या आणि त्यापायी तुरुंगातही जात होत्या. या विधेयकावर तर एरवी एकमेकींचे तोंड न पाहणाऱ्या बायका एकत्र आल्या. २००८ मध्ये त्या संसदेवर धडकल्या, आणि ते कलम संसदेला बाजूला ठेवावे लागले.

याच गृहस्थांनी २००९ मध्ये डॉ. मर्झिये वहीद-दस्तजर्दी यांना आरोग्यमंत्री केले. क्रांतीनंतरची ही पहिली स्त्री मंत्री. त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. मात्र औषधांच्या आयातीसाठी ठरलेले परकीय चलन मिळत नाही, हे त्यांनी उघडपणे सांगितले आणि २०१२ च्या डिसेंबरात त्यांना काढून टाकण्यात आले.