कापलेली वायर काय सांगते?

गेल्या आठवड्यात आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या एका मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. "सर, बघा ना, सौदा कसा वाटतो?" गाडीत बसवायचा नऊ इंची टचस्क्रीन स्टिरिओ होता. नवा घ्यायला गेलो तर बारा-तेरा हजारांच्या घरात जाईल. इथे साडेतीन हजारांत मिळत होता. खाली लिहिले होते : बिल नाही, बॉक्स नाही, फक्त रोख, आजच घेणार असाल तरच मेसेज करा.

त्याच्या मोठ्या भावाने नुकतीच जुनी वॅगन-आर घेतली आहे. तो शेंद्र्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कामगारांची ने-आण करतो. भावाला काहीतरी द्यावे, असे या पोराच्या मनात होते. शिकवणीतून साठवलेले पैसे होते. हेतूत काही वाईट नव्हते.

मी फोटो मोठा करून पाहिला. स्टिरिओच्या मागे कपलर नव्हता. लाल, पिवळ्या, काळ्या वायरी बोटभर ठेवून कापलेल्या होत्या.

ज्यांनी कधी गॅरेजमध्ये काम केले आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. आपला स्टिरिओ आपणच काढून विकायचा असेल तर कारागीर फ्रेम सैल करतो, कपलर ओढतो, सेट हातात येतो. वायर कापली तर त्याचेच काम वाढते. कापतो तो ज्याला घाई आहे. कधी एखादा अडाणी फिटरही वायर कापतो, म्हणून तेवढ्यावरून चोरी सिद्ध होत नाही. पण कापलेली वायर, बिल नाही, बॉक्स नाही, रोखीचा आग्रह आणि पाव किंमत हे सगळे एका जागी आले की प्रश्न विचारलाच पाहिजे.

"हा स्टिरिओ कुणाचा आहे, विचारलंस का?" मी म्हणालो. तो हसला. "सर, सेकंड हॅण्डमध्ये असं कोण विचारतं?"

त्याच्या वयाचा असताना मीही विचारले नव्हते.

माझे अब्बा टुरिस्ट टॅक्सी चालवायचे. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे घ्यायचे आणि वेरूळ, अजिंठा दाखवून आणायचे. एका रात्री त्यांच्या गाडीची काच फोडून कुणीतरी कॅसेटचा टेप नेला. अजिंठ्याचा रस्ता जाऊन-येऊन दोनशे किलोमीटरचा. डॅशबोर्डमधले ते चौकोनी भोक घेऊन अब्बा कित्येक दिवस गाडी चालवत होते. प्रवासी गाणी लावायला सांगत आणि अब्बा माफी मागत. काचेचा खर्च वेगळा, बुडालेल्या दिवसाची कमाई वेगळी. पुढे एका रविवारच्या बाजारात मला तसाच एक टेप तीनशे रुपयांत मिळाला. मी धावत घरी आणला. अब्बांनी तो उलटा करून पाहिला. मागच्या वायरी कापलेल्या होत्या. ते एवढेच म्हणाले, "आपल्यासारख्याच कुणाचा तरी असेल." त्यांनी तो बसवला नाही. दुसऱ्या रविवारी मला घेऊन बाजारात गेले, तर विकणारा तिथे नव्हता. माझे तीनशे रुपये बुडाले. त्या वेळी मला अब्बांचा राग आला होता. ज्याच्या डॅशबोर्डला भोक पडले होते तो माणूस माझ्या घरातच होता, आणि तरी मी विचारले नव्हते.

आज बाजार फोनमध्ये आला आहे. विकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, नाव खरे की खोटे कळत नाही. कायदा मात्र तोच आहे, आणि तो आपल्या तरुणांना माहीत असणे फार गरजेचे आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यातले कलम ४११ आता कलम ३१७ मध्ये आहे. वस्तू चोरीची आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, ती अप्रामाणिकपणे घेतली किंवा जवळ ठेवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नाही. तो हक्क म्हणून पोलीस ठाण्यात मिळत नाही, न्यायालयाकडे मागावा लागतो. अशा मालाची नेहमी खरेदी-विक्री करणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

'मला माहीत नव्हते' हे उत्तर चालते का? खरे असेल तर चालते. खरेदीदाराला चोरीची माहिती होती, किंवा तसे मानायला कारण होते, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. नुसता निष्काळजीपणा पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मधील एका निकालातही सांगितले आहे. पण दुसरी बाजूही पाहा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ नुसार, चोरीनंतर लवकरच वस्तू एखाद्याकडे सापडली आणि ती कुठून आली हे त्याला सांगता आले नाही, तर त्यानेच ती चोरली किंवा चोरीची आहे हे जाणून घेतली, असे न्यायालय गृहीत धरू शकते. सांगायचे कशाच्या आधारावर? बिल नाही, पावती नाही, रोख दिलेले, चॅट डिलीट केलेले. निर्दोष सुटायला काही वर्षे लागली तर मधल्या काळात नोकरीच्या वेळची पोलीस पडताळणी आणि पासपोर्ट कुणासाठी थांबणार नाहीत.

शिक्षा होवो न होवो, वस्तू तर जातेच. १९३० च्या माल विक्री कायद्याचे कलम २७ सांगते की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क होता त्यापेक्षा जास्त हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. चोराकडे मालकीच नव्हती, मग तुम्हाला ती कुठून मिळणार? तुम्ही पूर्ण पैसे दिले असले तरी स्टिरिओ मूळ मालकाचाच राहतो. पैसे विकणाऱ्याकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण त्यासाठी विकणारा सापडायला हवा.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी, कारण ही चर्चा आपल्यात दबक्या आवाजात होतच असते. "पोलीस आधी आपल्याच मोहल्ल्यात येतात, मग आपणच कशाला घाबरून राहायचं?" असे एका तरुणाने मला विचारले होते. त्याचा राग मला समजतो. नावावरून किंवा वस्तीवरून संशय घेणे चूकच आहे, आणि त्याविरुद्ध बोलणे हे आपले काम आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये नोटीस देऊन चौकशीला बोलावण्याची तरतूद आहे. कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. जप्तीच्या यादीची प्रत मागा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. हे हक्क चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून मिळालेले नाहीत. ते नागरिक म्हणून आपले आहेत, आपल्या हातून चूक झाली असली तरीही.

पण आपल्यावर अन्याय होतो म्हणून दुसऱ्यावरचा अन्याय स्वस्तात विकत घेता येत नाही. ज्याची काच फुटली तो टॅक्सीवाला कुठल्या वस्तीत राहतो, हे त्या कापलेल्या वायरीवर लिहिलेले नसते. घरात आपण हलाल कमाईविषयी ऐकत मोठे होतो. कमाई हलाल आणि खरेदीचे मात्र विचारायचे नाही, असा हिशेब कुणीही शिकवलेला नाही.

आणखी एक नुकसान आहे, ज्याचा हिशेब कुणी मांडत नाही. गॅरेज, वायरिंग, डेंटिंग-पेंटिंग, जुने पार्ट यांच्या धंद्यात आपल्या शहरातली शेकडो घरे जगतात. छत्रपती संभाजीनगर हे गाड्यांचे शहर आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा आहे. अपघातग्रस्त किंवा भंगारात निघालेल्या गाडीचे चांगले पार्ट काढून विकणे हा इमानदारीचा धंदा आहे. त्यामुळे गरिबाची गाडी चालू राहते आणि कचराही कमी होतो. अशा दुकानदाराने गाडीची कागदपत्रे पाहून, नोंद ठेवून माल घ्यायचा आणि वर दोन पैसे मिळवायचे. तेवढ्यात चोरीचा तोच माल पाव किमतीत फोनवर विकला जातो. आपण तिथून घेतो तेव्हा या इमानदार माणसाला मारतो. शिवाय चोरीचा माल सापडला की संशय त्याच्याच दुकानावर येतो. म्हणून जुनी वस्तू घेऊच नका, असे मी सांगत नाही. जरूर घ्या, पण जो पावती देतो त्याच्याकडून घ्या.

चोरी थांबवणे पोलिसांचे काम आहे, आपल्या एकट्याच्या नकाराने काय होणार, असेही कुणी म्हणेल. अब्बांच्या काळानंतर स्टिरिओचे पुढचे पॅनल निघू लागले. गाडी लावली की लोक पॅनल खिशात घालून निघत. पॅनलशिवाय सेटला बाजारात किंमत नव्हती. काही गाड्यांच्या रेडिओला कोड आला : बॅटरीची वायर काढली की सेट बंद पडे आणि कोड टाकल्याशिवाय सुरू होत नसे. दोन्ही उपायांमागे विचार एकच होता, की चोरलेली वस्तू विकताच येऊ नये. उलट उदाहरणही आहे. ईको गाडीच्या सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात. त्याला गिऱ्हाईक मिळू लागले आणि महाराष्ट्र-गुजरातेत ईकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या जाऊ लागल्या. जिथे गिऱ्हाईक तिथे चोर. बाहेरून बसवायच्या बऱ्याच स्वस्त टचस्क्रीनना असे कोडचे कुलूप नसते. तिथे ते कुलूप घेणाऱ्याने स्वतःच व्हायचे आहे.

त्यासाठी फार काही करावे लागत नाही. विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : कुठल्या गाडीतून काढला, बिल किंवा बॉक्स कुठे आहे, मागच्या पट्टीवरचा सीरियल नंबर काय आहे. बॉक्सवरचा नंबर आणि सेटवरचा नंबर जुळतो का पाहा. नंबर खरवडलेला असेल, वायरी कापलेल्या असतील, सेट कोड मागत असेल आणि विकणाऱ्याला तो ठाऊक नसेल, तर तिथूनच परत फिरा. दिवसा, त्याच्या घरी किंवा दुकानात भेटा. पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. साध्या कागदावर का होईना, नाव, पत्ता, गाडीचा क्रमांक, सीरियल नंबर, रक्कम आणि सही घ्या. चॅट आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी चिडत नाही. जुना मोबाईल घेताना *#०६# दाबून आयएमईआय काढा आणि तो 'संचार साथी' पोर्टलवर तपासा. ही सोय २०२३ पासून सगळ्यांसाठी खुली आहे.

घेऊन बसला असाल आणि आता शंका येत असेल, तर घाईने दुसऱ्याला विकू नका, फेकूनही देऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून लपवायला किंवा विल्हेवाटीला मदत करणे हा वेगळा गुन्हा आहे. असेल नसेल तो पुरावा गोळा करा, आधी वकिलाचा सल्ला घ्या आणि मग स्वतः पोलिसांकडे जा. दिलेल्या वस्तूची पोच घ्या. आगाऊ पैसे घेऊन विकणारा गायब झाला असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

आणि आज घरी गेल्यावर आपल्या स्वतःच्या गाडीतल्या स्टिरिओच्या बिलाचा आणि सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. चोरी झाली तर तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही देता येते. तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. पण नंबरच नसेल तर सापडलेल्या दहा सेटमधला आपला कुठला, हे आपण तरी कसे सांगणार?

त्या मुलाने माझ्यासमोरच मेसेज टाकला : कुठल्या गाडीतला आहे, बिल मिळेल का? उत्तर आले नाही. संध्याकाळी त्याने सांगितले की समोरच्याने त्याला ब्लॉक केले आहे. भावाच्या गाडीत सध्या जुना रेडिओच वाजतो आहे. तो स्टिरिओ कदाचित त्याच रात्री दुसऱ्या कुणी घेतला असेल. ते आपल्या हातात नव्हते. आपल्या हातात एक प्रश्न होता आणि या वेळी तो विचारला गेला. मला तो विचारायला उशीर झाला होता; तुम्ही करू नका.