भराव कशाचा, हा प्रश्न कोणाचा?

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळेच्या 22, मुठेच्या 10 आणि संगमानंतरच्या मुळा-मुठेच्या सुमारे 12 किलोमीटर लांबीवर पुणे महानगरपालिकेने 'नदीकाठ सुधार' नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्याची पायाभरणी 6 मार्च 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाली. खर्चाचा अंदाज 4,700 कोटी रुपयांच्या घरात गेला. संगमवाडी ते बंडगार्डन आणि पुढे मुंढव्याच्या दिशेने यंत्रे पात्रात उतरली, झाडे गेली, भराव पडू लागला, दगडी उतार बांधले जाऊ लागले. या साऱ्या खटाटोपात नदीकाठच्या रहिवाशांनी एक साधा प्रश्न विचारला: काठावर जे टाकले जात आहे ते काय आहे, किती आहे, आणि पूर आला म्हणजे त्याचे काय होणार?

प्रश्न साधा असला म्हणून त्याला सरळ उत्तर मिळतेच असे नाही. सत्ताधाऱ्यांनी प्रश्नकर्त्यांना विकासविरोधी ठरविले, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले. खेद वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. समाजवादी चळवळीच्या वर्तुळातही या आंदोलनाकडे अंतर राखून पाहणारे अनेक कार्यकर्ते आहेत. टेकड्या, पक्षी आणि झाडे हा नोकरी-निवृत्ती सुरक्षित असलेल्या सुखवस्तूंचा छंद. कष्टकऱ्यांचे प्रश्न रेशनचे, घराचे, रोजगाराचे. तेव्हा चळवळीने आपली शक्ती तेथे का खर्चावी, असा त्यांचा सूर असतो. हा सूर चुकीचा आहे, इतकेच नव्हे तर घातक आहे. नदीकाठच्या भरावाची प्रत आणि उंची हा या शहरातील कष्टकऱ्यांच्या घराचा आणि जिवाचा प्रश्न आहे.

भरावाचे शास्त्र काही गूढ नाही. समुद्राने खाल्लेला किनारा वाळू टाकून पुन्हा उभारायचा असेल तर आणलेल्या वाळूचा कण मूळ वाळूच्या कणाशी जुळतो की नाही हे पहिल्याने पाहावे लागते; बारीक कण लाटा लवकर ओढून नेतात. नदीचा काठही असाच स्वभाव घेऊन आलेला असतो. वाळू, मुरूम आणि गाळाचा नैसर्गिक थर पावसाचे पाणी पोटात घेतो आणि उन्हाळ्यात पाझराच्या रूपाने नदीला परत देतो. त्या जागी पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आला तर त्याच्याबरोबर सिमेंट, चुना, रंग आणि पत्र्यांचे तुकडे येतात. पाण्याचा गुण बदलतो आणि पाझराची वाट बुजते. भराव स्वच्छ मातीचा असला तरी दुसरा प्रश्न उरतोच. पात्राची रुंदी कमी केली की तेवढेच पाणी एक तर उंच चढते, नाही तर वेगाने धावते. ते चढते कोठे? ज्या काठावर भिंत नाही तेथे, आणि ज्या नाल्यांचे पाणी फुगलेल्या नदीत शिरू शकत नाही त्या नाल्यांच्या काठी. भराव एका काठाला पडतो आणि पाणी दुसऱ्याच्या घरात शिरते, हा भूगोलाचा नियम आहे. आणि या समाजव्यवस्थेत तो वर्गाचाही नियम ठरतो.

पुण्याला भरावाचा धडा कोणी नव्याने शिकविण्याची गरज नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. ते मातीचे धरण होते. काम पुरते झालेले नसताना त्यात पाणी अडविले गेले. बांध खचू लागल्यावर लष्करी जवानांनी वाळूची पोती रचून तो काही तास तोलून धरला, म्हणून शेकडो प्राण वाचले. पाठोपाठ खडकवासलाही फुटले आणि मुठाकाठच्या पेठांतील हजारो घरे पाण्याखाली गेली. त्यानंतर 27 सप्टेंबर 2018 रोजी मुठा उजव्या कालव्याचा मातीचा बांध फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतील संसार भरदुपारी वाहून गेले. तत्कालीन जलसंपदामंत्र्यांनी त्या वेळी उंदीर, घुशी आणि खेकडे यांच्याकडे बोट दाखविले. मातीचा बांध पोखरला जाईपर्यंत तो तपासण्याचे काम मात्र खेकड्यांकडे सोपविलेले नव्हते!

त्यानंतरचा इतिहास ताजा आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने काठच्या घरांत थैमान घातले. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून 35,000 घनफूट प्रतिसेकंद इतका विसर्ग झाला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत पाणी शिरले. एकतानगरीत राहणारी माणसे झोपडीत राहत नव्हती. कर्ज काढून सदनिका घेतलेली ती नोकरदार कुटुंबे होती. पाणी कोणाच्या दारात येणार हे पात्रातील अडथळे ठरवतात. नुकसान सोसून पुन्हा कोण उभे राहणार हे मात्र खिसा ठरवतो. सदनिकाधारकाला निदान दाराचा दाखला असतो. वस्तीतल्या बाईला पुरानंतर ती तेथे राहत होती हेच आधी सिद्ध करावे लागते. आंबिल ओढ्याच्या पुराचा उपाय म्हणून महापालिकेने काय केले? जून 2021 मध्ये, ऐन पावसाळ्यात, ओढा सरळ करण्यासाठी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीवर बुलडोझर चालविला. न्यायालयाने स्थगिती दिली तेव्हा तो थांबला. पूर अडविण्याचे निमित्त असो की काठ सुशोभित करण्याचे, हटविण्याच्या यादीत पहिले नाव गरिबाचेच येते.

प्रकल्पाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. नदीचे आज गटार झाले आहे, काठावर नाक धरल्याशिवाय उभे राहता येत नाही. मग काठ बांधून, पायवाटा करून लोकांना नदीजवळ आणले तर बिघडले कोठे? कामगार वस्तीतील मुलांना बागेची गरज नाही काय? गरज आहे, निःसंशय आहे. पण नदीचे गटार कोणी केले? शासनाच्याच हिशेबाप्रमाणे, जपानच्या कर्जावरील 990 कोटींची नदी प्रदूषणमुक्ती योजना आखली गेली तेव्हा पुण्यात रोज 744 दशलक्ष लिटर मैलापाणी निर्माण होत होते आणि शुद्धीकरणाची क्षमता होती 477 दशलक्ष लिटरची. उरलेले सरळ नदीत. कर्जाचा करार जानेवारी 2016 मध्ये झाला. 11 नवी शुद्धीकरण केंद्रे, 396 दशलक्ष लिटरची वाढीव क्षमता, मुदत जानेवारी 2022. त्या मुदतीत केंद्रे उभी राहिली नाहीत. उभी राहिली ती काठ सजविण्याची निविदा. रोग्याचे रक्त तपासायचे सोडून त्याच्या अंगाला उटणे लावण्याचाच हा प्रकार आहे.

हा प्रकार पुण्यापुरता नाही. फिलिपाईन्सची राजधानी मनिला येथील उपसागर शुद्ध करावा असा आदेश त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2008 मध्ये दिला होता. बारा वर्षांनी, करोनाच्या साथीत लोक रुग्णालयाच्या दारात उभे असताना, तेथील सरकारने सेबू बेटावरचा डोलोमाइट दगड भरडून त्याची पांढरी 'वाळू' मनिलाच्या किनाऱ्यावर पसरली. काठ-सुशोभनाच्या त्या कामाला 38 कोटी 90 लाख पेसो नेमून दिले होते. रहिवाशांनी आणि विद्यापीठातील सागरशास्त्रज्ञांनी विचारले: ही वाळू आहे काय? तिची धूळ फुप्फुसांत गेली तर? हिच्याने पाण्यातली घाण कमी होणार आहे काय? आरोग्य खात्याने आधी धुळीच्या धोक्याचा इशारा दिला आणि मागाहून सारवासारव केली. थोड्याच आठवड्यांत पाऊस आणि लाटा आल्या. पांढरा थर वाहून गेला असे टीकाकार म्हणाले. थर जागेवरच असून वर काळी वाळू आली आहे असे सरकार म्हणाले. पाणी होते तसेच राहिले. पुणेकरांनी या आरशात आपले तोंड पाहावे.

समर्थक ज्या साबरमतीचा दाखला देतात तिचीही कथा वेगळी नाही. पुण्याच्या प्रकल्पाचा आराखडा करणारी वास्तुरचना संस्थाही तीच, अहमदाबादची. तेथे काठ देखणा झाला. त्यासाठी दहा हजारांच्या वर कुटुंबे काठावरून उठली, आणि देखाव्याचे पाणी नर्मदेच्या कालव्यातून आणावे लागले. शहराच्या खालच्या अंगाला नदी इतकी सडली की 2021 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पुण्याला तर नर्मदाही नाही. मुळेचे पाणी मुळशी धरणातून सह्याद्रीपलीकडे, भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. मुठेचे पाणी खडकवासल्यात अडून नळाला आणि कालव्याला लागते. बंधारे घालून शहरात जे पाणी तुंबविले जाईल ते कोणते असेल, याचे उत्तर प्रत्येक पुणेकराच्या नाकाला ठाऊक आहे.

मग हा अट्टहास कशासाठी? उत्तर जमिनीच्या भावात आहे. काठ पक्का झाला, पूररेषा आकुंचित झाली, समोर फरसबंद मार्ग आला की मागच्या प्रत्येक चौरस फुटाची किंमत चढते. भरावाचा खर्च करदात्याचा आणि चढलेला भाव बिल्डरचा, असे हे साधे त्रैराशिक आहे. भरावाची प्रत विचारणारा रहिवासी या त्रैराशिकात आडवा येतो, म्हणून तो नकोसा होतो.

आणि तो विचारणार तरी कोणाला? मार्च 2022 मध्ये पायाभरणी झाली आणि त्याच महिन्यात महापालिकेतील लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली. पुढे तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक झाली नाही. हजारो कोटींचा कारभार प्रशासकाच्या सहीने चालला. पात्रात भराव पडत असताना त्याचा जाब विचारायला सभागृहच नव्हते. 74 व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या दिल्या, त्या कागदावर राहिल्या. याच मुठेच्या काठी विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणारा रस्ता निळ्या पूररेषेच्या आत भराव टाकून रेटला गेला होता. त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा दरवाजा ठोठावून 2013 मध्ये आदेश मिळविला तो मूठभर नागरिकांनी. 29 एप्रिल 2023 रोजी झाडांना मिठी मारायला हजारो पुणेकर रस्त्यावर आले तेव्हाही लाल झेंडे त्या गर्दीत बोटावर मोजण्याइतकेच असतील, तर दोष त्या नागरिकांचा नव्हे.

चळवळीला आपल्याच वारशाची आठवण द्यावी लागावी, हे दुर्दैव. 1921 मध्ये याच मुळेच्या उगमाकडील खोऱ्यात मावळच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह केला. नदी कोणाची, तिच्या काठची जमीन कोणाची आणि विकासाचा निर्णय कोणी घ्यायचा, हा प्रश्न या देशात लढ्याच्या रूपाने उभा राहिला तो त्या खोऱ्यात. शंभर वर्षांनी तीच नदी शहरात येऊन तोच प्रश्न विचारीत आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी पाटील इस्टेट, ताडीवाला रस्ता, दांडेकर पूल येथील वस्त्यांत आणि एकतानगरीच्या सोसायट्यांत एकाच वेळी गेले पाहिजे. दोघांचा पूर एक आहे हे दोघांना पटवून दिले पाहिजे. मागण्या रोखठोक असाव्यात. भरावाच्या प्रत्येक टप्प्याचे परीक्षण स्वतंत्र तज्ज्ञांकडून व्हावे आणि त्याचे निकाल मराठीत क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लागावेत. 1961 आणि 2024 च्या पुराची पातळी आणि नव्या काठाची उंची शेजारी शेजारी दाखवावी. मैलापाणी थांबल्याखेरीज सुशोभनावर एक रुपया खर्चू नये. एकही कुटुंब त्याच्या संमतीवाचून आणि जवळच्या पर्यायी घरावाचून हलवू नये.

पानशेतच्या बांधावर वाळूची पोती वाहिली ती जवानांनी. बांध कच्चा असताना त्यात पाणी अडविण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या खांद्यावर एकही पोते नव्हते. पुढचा पूर येण्याआधी भराव तपासला नाही, तर पोती पुन्हा त्याच खांद्यांवर येतील.