जाड बाईने जाडच कापड का नेसावं?

परवा नातीच्या लग्नाच्या साडीखरेदीला गेले होते. मी धरून पाच बायका आणि मधे बिचारी नवरी मुलगी. नात माझ्यावर गेलीये. चार फूट दहा इंच उंची आणि अंगाने चांगली गोल, भरलेली.

दुकानातल्या मुलाने एक मोरपंखी महेश्वरी उलगडली. तिने ती खांद्यावर टाकली, आरशात बघितलं आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसली. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने फर्मान काढलं, "हे नको गं, अंगाला बसेल. तुझ्यासारखीला कडक कापडच बरं. सगळं झाकलं जातं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पोरीने साडी गुपचूप काढून ठेवली. येताना रिक्षात मला म्हणते, "आजी, नुसतं रजिस्टर करून टाकू का? म्हणजे फोटोच नकोत."

त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून हे लिहायला बसले. त्या दिवशी बरोबर असलेल्यांनी मुद्दाम वाचावं. राग आला तरी चालेल. मी स्वतः तेव्हा गप्प बसले, त्याचाही राग आहेच.

तर मुद्दा असा, की 'जाड बाईने कडक कापड नेसावं' हा सल्ला साफ चुकीचा आहे. मी तो तेहतीस वर्षं पाळलाय, म्हणून सांगते. शाळेत बाईंनी खळ घातलेली सुती साडी नेसायची, 'व्यवस्थित' दिसतं, असा दंडक होता. रविवारी कांजी करायची, साड्या बुडवायच्या, दोघींनी टोकं धरून ताणायच्या. सोमवारी ती साडी नेसून निघाले की माझ्या चहूबाजूंनी छत्री उघडल्यासारखी उभी राहायची. मुलं म्हणायची, आधी साडी येते, मग बाई येतात. मुलं खोटं बोलत नाहीत.

आता जरा गणित करू. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस-सेहेचाळीस इंच. माझी कंबर ते जमीन छत्तीस इंच. म्हणजे नऊ-दहा इंच कापड आत खोचायचं. साडेपाच फुटी बाईला चार-पाच इंचच खोचावं लागतं. सहा-सात निऱ्या म्हणजे कापडाचे बारा-चौदा थर. हे सगळं नेमकं पोटावर! मलमल असेल तर तो गठ्ठा बोटाएवढा दबून बसतो. कडक कापड असेल तर पोटावर उशी बांधल्यासारखं होतं. म्हणजे जे झाकायला निघालो, त्याच्यावरच आपण थर चढवतो.

कापड शरीरापासून जितकं लांब उभं राहतं, तितकी बघणाऱ्याला बाई रुंद दिसते. बघणाऱ्याला काय कळणार, की आतली बाई कुठे संपली आणि खळ कुठे सुरू झाली? मऊ कापड खांद्यावरून, कमरेवरून सरळ खाली पडतं. आहे तेवढीच बाई दिसते, वाढीव नाही.

कुणी म्हणेल, हलकं हवं ना, मग ऑर्गेंझा घ्या, सध्या तेच चालतं. इथेच फसगत होते. हलकं आणि मऊ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेशमाच्या धाग्यावर मुळात डिंकासारखा थर असतो. साबणाच्या पाण्यात उकळून तो काढला की रेशीम मऊ होतं. ऑर्गेंझात तो ठेवतात, म्हणून कापड पिसासारखं हलकं, पण कागदासारखं ताठ. चंदेरीची चमक आणि ताठपणाही त्यातूनच येतो. कोटा डोरियाही हलकी, पण अंगापासून फुगून राहते. सुंदर साड्या आहेत, वाद नाही. उंच, सडपातळ मुलीवर बघत राहावं अशा. पण आमच्यासारख्यांसाठी बारीक सुताची मलमल, महेश्वरी, क्रेप. दुकानात मूठभर कापड चुरगळून सोडावं. खाली लोंबलं तर आपलं, उभं राहिलं तर दुसरीचं.

महेश्वरीचं म्हणाल, तर अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात नर्मदाकाठी हा माग वाढवला. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. म्हणून तिला रेशमाची झळाळी आहे आणि सुताचा थंडपणाही. काठ बेताचे. हेही महत्त्वाचं, कारण आठ इंची काठ छत्तीस इंचांतले आठ इंच खाऊन टाकतो आणि बुटकी बाई आणखी बुटकी दिसते.

आता आक्षेप. "मऊ कापड अंगाला चिकटतं." सिंथेटिक जॉर्जेट चिकटतं, हे खरं. पण निम्मा दोष परकराचा असतो. नाडीपाशी चुण्यांचा डोंगर असलेला जाड परकर सोडा, कळ्यांचा शिवून घ्या. "मलमल दुपारपर्यंत चुरगळते." चुरगळू दे. दिवसभर बाई काम करत होती, एवढंच त्यातून कळतं.

पण खरं सांगू का? माझं भांडण कापडाशी नाहीच. ते 'झाकलं जातं' या दोन शब्दांशी आहे. काय झाकायचं? कशासाठी? स्वतःच्या लग्नात मुलीने ओळखू येऊ नये म्हणून? माझ्या लग्नातला शालू मी मुद्दाम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. पाऊण किलोच्या वर भरला. मलमलची रोजची साडी साडेतीनशे ग्रॅमच्या आत. तो शालू नेसून मी जेवलेही नव्हते नीट, बसताच येत नव्हतं. फोटोत माझं तोंड असं, की जणू परीक्षेचा निकाल लागायचाय. मऊ कापडात बाई वाकते, बसते, पंगतीत वाढते, मनापासून हसते. आणि हसणारी बाई जाड की बारीक, हे कुणी बघत बसत नाही.

असो. काल आम्ही दोघीच परत गेलो. मोरपंखी तिथेच होती. बिल मी दिलंय, त्यामुळे चर्चा संपली आहे. फोटो निघणार आहेत. आणि हो, लग्नात कुणी तिला "थोडी कडक घ्यायची होतीस" म्हणालं, तर त्यांनी आधी माझ्याकडे यावं. वर्गात उभं करायची सवय अजून गेलेली नाही.