ललित किती, ललितेतर किती?

मुलांना वाचन शिकविण्यासाठी ललित पुस्तके किती आणि ललितेतर किती, हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. अमेरिकेत २०१० साली आलेल्या ‘कॉमन कोअर’ मानकांनी तर टक्केच ठरवून दिले : चौथीला निम्मे-निम्मे, बारावीला माहितीपर मजकूर ७० टक्के. (हे प्रमाण सर्व विषयांतील वाचन मिळून होते, पण कात्री भाषेच्या तासातील कथा-कवितांना लागते, अशी तक्रार तेथे झालीच.)

लुइस रोझेनब्लॅट यांनी १९७८ च्या आपल्या ग्रंथात ललित-ललितेतर हा भेद केवळ संहितेत न पाहता वाचनव्यवहारात पाहिला. वाचून झाल्यावर हाती काय उरवायचे, यासाठीचे वाचन वेगळे; वाचता वाचता काय अनुभवले, यासाठीचे वेगळे. पाठ निवडणाऱ्यांपर्यंत हा विचार पोचलेला दिसत नाही.

१९३५ साली प्रसिद्ध झालेली ‘श्यामची आई’ घ्यावी. ती आत्मकथा की कथा, याचा निर्णय सोपा नाही. अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो आणि आई धोंडीवर ओचे पसरते. मुलापायी भिजलेले लुगडे तिला बदलता येत नाही, हे मोठा झालेला श्याम आई गेल्यानंतर सांगतो आहे. प्रसंगाचा सगळा जीव या अंतरात आहे. वर्गात मात्र विचारले जाते : आईने कोणता उपदेश केला? मूल एक वाक्य खुडून वहीत उतरविते. हे ललिताचे वाचन नव्हे, ती माहितीची उचल आहे. आणि टक्केवारीत मात्र तिची नोंद ‘ललित’ म्हणूनच होते.

माहितीच्या पुस्तकांची दशा नेमकी उलटी. तेथे पाण्याचा थेंब आत्मवृत्त सांगतो, झाड अश्रू ढाळते. अनुक्रमणिका, सूची, नकाशा, आकृतीखालची ओळ यांतून वाट काढणे मूल शिकत नाही. आणि बोलणाऱ्या थेंबाला ‘हे कशावरून?’ असे विचारायचे तरी कसे? गोड बोलून माहिती पाजण्याची ही रीत मुलाच्या बुद्धीचा अवमान करते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ वरच्या वर्गापुढे ठेवली, तर वानरटोळ्यांमधील सत्तासंघर्ष मुलांना अस्वस्थ करील, आणि वानर खरोखर असे वागतात का, हे पाहण्यासाठी ती प्राणिशास्त्राचे पुस्तकही उघडतील. टक्के मोजणाऱ्यांनी ही कादंबरी कोणत्या रकान्यात भरायची?