उपग्रहाला जात दिसत नाही, म्हणून?



३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांचा निसार उपग्रह श्रीहरिकोट्याहून आकाशात गेला. त्याचे रडार ढगांतून आणि अंधारातही पाहते, बारा दिवसांत दोनदा जवळपास सगळी जमीन टिपते आणि ही माहिती सर्वांना मोफत मिळते. आता पुराचे नुकसान वरूनच कळेल, त्यात ना जात ना वशिला, असा एक गोड समज पसरतो आहे. आम्ही विज्ञानाच्या बाजूचे आहोत, म्हणूनच हा समज तपासला पाहिजे.

तपासायला बदलापूर गावाजवळून वाहणारी उल्हास नदी घ्या. २६ जुलै २००५ चा पूर कुणी विसरलेले नाही. २७ जुलै २०१९ ला तर बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात अडकली. असे पाणी रातोरात चढते आणि एक-दोन दिवसांत उतरते. नेमक्या त्याच तासांत उपग्रह डोक्यावर असेल याची हमी काय?

आणि असला तरी? रडारची लहर मोकळ्या, शांत पाण्यावरून दुसरीकडे निसटते, म्हणून बुडालेले शेत चित्रात काळे, स्पष्ट दिसते. दाट वस्तीत मात्र ती पाण्यावरून भिंतीवर आदळून परत फिरते आणि पाणी असूनही चित्र उजळ येते. म्हणजे जमीनमालकाच्या शेताला आकाशातून साक्षीदार आणि भूमिहीनाच्या खोलीतले कमरेइतके पाणी संशयास्पद! नदी-नाल्याकाठची सखल जागा कुणाच्या वाट्याला आली, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. (उल्हासनगरातल्या वालधुनीच्या रसायनांचा वास तर या रडारला येतच नाही.)

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेचा पाया घातला. पूर हा त्यांच्यासाठी दैवाचा कोप नव्हता, तो शासनाच्या जबाबदारीचा प्रश्न होता. ती जबाबदारी आज उपग्रहावर ढकलून पंचनामा टाळता येणार नाही.

म्हणून पाणी चढेल तिथे भिंतीवर खूण करा, तारीख-वेळेसह फोटो ठेवा, पंचनाम्याची प्रत मागा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन्ही पूररेषांचा नकाशा माहिती अधिकारात मिळवा आणि आपली वस्ती त्यात कुठे आहे ते पाहा. आपल्या विहारांत स्पर्धा परीक्षांचे वर्ग चालतात, तिथेच उपग्रहाचे चित्र वाचायचाही वर्ग घ्या. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एक लॅपटॉप पुरतो. सुरुवात येत्या पावसाळ्याआधी व्हायला हवी.