कागदापायी, पैशापायी एकही प्रवेश हुकणार नाही

सेलू तालुक्यातील शिक्षण चळवळीचा जाहीरनामा

आम्ही सेलू तालुक्याचे रहिवासी आहोत. आमच्यात शिक्षक आहेत, निवृत्त कारकून आहेत, शेतकरी, व्यापारी, बँकेतले कर्मचारी आणि आज कॉलेजात शिकणारी मुले-मुली आहेत. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आम्ही ही चळवळ सुरू करत आहोत. तालुक्यातल्या बारावी झालेल्या एकाही मुलाचे किंवा मुलीचे पुढचे शिक्षण कागदापायी वा पैशापायी अडू द्यायचे नाही, एवढेच तिचे ध्येय आहे.

आजची स्थिती

कॉलेज आता दूर राहिलेले नाही. सेलूतच नूतन महाविद्यालय आहे. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे आणि 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ 1994 मध्ये झाले. शिष्यवृत्तीच्या योजना आहेत, वसतिगृहाचा निर्वाह भत्ता आहे, स्वाधार योजना आहे. तरीही दरवर्षी हुशार मुले गळतात. ती गळतात बारावीचा निकाल आणि कॉलेजचा पहिला दिवस यांच्या मधल्या काही आठवड्यांत.

त्या आठवड्यांत गरीब घरात काय चालते, ते आम्ही रोज पाहतो. निकाल लागतो तेव्हा आई-वडील ऊसतोडीवरून नुकतेच परतलेले असतात आणि मुकादमाची उचल फिटलेली नसते. पेरणी तोंडावर येते. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आधी तलाठ्याचा अहवाल, मग सेवा केंद्र, मग तहसील. त्यात सर्व्हर बंद पडला की आणखी एक रोज बुडतो. बँक खाते आधारला जोडायचे, तर आयुष्यभर कापूस वेचून बोटे झिजलेल्या आईचा अंगठा यंत्र घेत नाही.

जात वैधतेची वाट त्याहून बिकट. इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. ज्या घरातली पहिलीच पिढी शिकते आहे, त्या घराकडे आजोबांच्या शाळेचा उतारा मागितला जातो. जमिनीचे कागद असले तरी निजामकाळातल्या कितीतरी नोंदी उर्दूत. त्या वाचून देणारा माणूस शोधेपर्यंत प्रवेशाची फेरी संपते.

पैशाचेही तेच. शिष्यवृत्ती मंजूर होते, पण रक्कम येते ती कित्येकदा वर्ष सरता सरता, वरातीमागून घोडे यावे तशी. खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे मात्र पहिल्याच आठवड्यात लागतात. वर्षाला 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागासवर्गीय घरांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क 2024-25 पासून शासन भरते. या निर्णयाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण भाडे आणि मेस त्यात धरलेली नाही. ग्रामीण मुलींचा एसटीचा मोफत पासही बारावीलाच संपतो. मग मुलगी घरी राहते आणि वर्षभरात तिचे लग्न ठरते.

आमची भूमिका

नुसत्या प्रवेशाने गरिबाचे शिक्षण होत नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी ओळखले होते. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ ही वाट घालून दिली. 1950 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला कॉलेज काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मुलाच्या निवाऱ्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय हा शिक्षणाचाच भाग, असे ही माणसे मानत होती. आम्हीही तेच मानतो.

देश 1947 मध्ये स्वतंत्र झाला, मराठवाड्याला त्यापुढे तेरा महिने झगडावे लागले. हक्क उशिरा मिळण्याची किंमत या मातीला ठाऊक आहे. ती किंमत आमच्या मुलांनी पुन्हा मोजू नये.

आमच्या मागण्या

1. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचे उत्पन्न, जात, अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअरचे दाखले शाळेतच शिबिरे घेऊन, बारावीच्या परीक्षेआधी द्यावेत.
2. जात वैधतेचे अर्ज अकरावीतच भरून घ्यावेत आणि उर्दू व मोडी नोंदी वाचणारा जाणकार जिल्ह्यात नेमावा.
3. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याला पूर्ण शुल्कासाठी प्रवेशावेळी अडवू नये. निर्वाहाचा पहिला हप्ता सत्राच्या पहिल्या महिन्यात खात्यावर जमा व्हावा.
4. मुलींचा एसटीचा मोफत पास पदवीपर्यंत वाढवावा.
5. सेलूत कॉलेजच्या मुलींसाठी पुरेशा जागांचे शासकीय वसतिगृह असावे.

आम्ही स्वतः काय करणार

शासनाकडे बोट दाखवून आम्ही मोकळे होणार नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी आमचे मदत केंद्र उघडे राहील. तिथे अर्ज विनामूल्य भरून दिले जातील आणि तहसिलीत सोबतही केली जाईल. नववीपासून प्रत्येक मुलाची कागदपत्रांची फाईल तयार ठेवू. प्रवेश परीक्षेची नोंदणी, पसंतीक्रम, प्रवेशाच्या फेऱ्या यांच्या तारखा गावोगावच्या पारावर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लावू.

आम्ही पहिल्या हप्त्याचा निधी उभा करू. त्यातून बिनव्याजी रक्कम मिळेल. शिष्यवृत्ती आली किंवा नोकरी लागली की ती परत करायची, म्हणजे पुढच्या मुलाला मिळेल. या निधीचा जमाखर्च दर महिन्याला जाहीर लावला जाईल. मदत घेणाऱ्याचे नाव वा फोटो कुठेही छापला जाणार नाही. जात, धर्म, पक्ष पाहिला जाणार नाही.

पदवी हातात पडली म्हणजे आमचे काम संपले असे आम्ही समजणार नाही. मुलाखतीची तयारी, शिकाऊ उमेदवारी आणि पहिली नोकरी लागेपर्यंत प्रत्येकामागे एक मोठे माणूस उभे राहील. शिकलेले मूल कमावू लागले की धाकट्या भावंडांची शाळा टिकते आणि सावकाराचे दार बंद होते. घर वर येते ते असे.

आवाहन

ज्यांना तहसिलीची वाट माहीत आहे, त्यांनी आठवड्यातला एक दिवस द्यावा. ज्यांना उर्दू वा मोडी वाचता येते, त्यांनी आपली विद्या द्यावी. पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या सेलूकरांनी नव्याने आलेल्या मुलाला पहिला महिनाभर आसरा द्यावा. आई-बापांनो, फीच्या धास्तीने मुलीचे शिक्षण थांबवण्याआधी एकदा आमच्याकडे या. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही उपकार मागत नाही, आपला हक्क मागता आहात. ताठ मानेने या. येत्या बारावीच्या निकालापासून आमचे काम मोजा. एक जरी प्रवेश कागदापायी किंवा पैशापायी हुकला, तरी भर सभेत आम्हाला जाब विचारा. तो अधिकार आम्ही आजच तुम्हाला देत आहोत.

सेलू, 17 सप्टेंबर