रुपयाचा प्रश्न आपल्या घरातला आहे



वॉशिंग्टन येथे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची बारा मताधिकारी माणसे एकत्र बसून व्याजाचा दर ठरवितात आणि काही महिन्यांच्या आत नागपूरच्या वस्तीतील घरखर्चाचा हिशेब बदलतो, असे म्हटले तर ते प्रथमदर्शनी अतिशयोक्तीचे वाटेल. बँका, रोखे, हुंडणावळ हे शेठसावकारांचे विषय, आपणांस त्यांचे काय, असे आपल्यातील कित्येक जण अजूनही म्हणतात. ज्या समाजाला शतकानुशतके संपत्ती बाळगण्याचाच अधिकार नव्हता, त्याला पैशाचे शास्त्र परके वाटावे, हे समजण्यासारखे आहे. परंतु दीक्षेनंतरही ते परकेच राहावे, याचे समर्थन आम्ही करू शकत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी लंडन येथे डी. एस्सी.साठी जो विषय घेतला तो रुपयाचाच होता. १९२३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी चलनाविषयी साक्षही दिली. रिझर्व्ह बँक एकट्या बाबासाहेबांनी स्थापिली, असे आपल्या सभांतून सांगितले जाते. ते खरे नव्हे, आणि बाबासाहेबांच्या थोरवीला अशा अलंकाराची गरजही नाही. १९२६ साली त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. बाबासाहेबांचे खरे कर्तृत्व दुसरे आहे. केन्ससारख्या पंडिताने उचलून धरलेल्या सुवर्णविनिमय पद्धतीवर त्यांनी टीका केली, कारण त्या पद्धतीत सरकारला हवे तितके रुपये पाडण्याची मोकळीक राहते. रुपये वाढले की महागाई वाढते. महागाई वाढली की मजुरी तिच्यामागून रखडत येते. रुपया उतरला म्हणून जो निर्यातदार व गिरणीमालक आनंदतो, त्याचा नफा वस्तुतः मजुराच्या ताटातून आलेला असतो, हे त्यांनी मजुरीचे आणि भावांचे आकडे समोरासमोर ठेवून दाखविले. शंभर वर्षे उलटली, तरी हा मुद्दा जुना झालेला नाही.

मध्यवर्ती बँक काय करते, हे थोडक्यात सांगतो. इतर बँका तिच्याकडून अल्प मुदतीचे कर्ज घेतात. त्या कर्जाचा दर तिने वाढविला की सर्वत्र कर्ज महागते, खर्च आटोपतो आणि भाव थंडावतात. उतरविला की उलट होते. आता जगाच्या व्यापाराचा मोठा भाग डॉलरमध्ये चालतो. म्हणून अमेरिकेचा दर हा केवळ अमेरिकेचा राहत नाही. मार्च २०२२ पर्यंत तो जवळपास शून्य होता. जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्क्यांवर नेण्यात आला. अमेरिकेतच घसघशीत व्याज मिळू लागल्यावर जगभर पसरलेला पैसा तिकडे परतू लागला, आणि इतर देशांची चलने उतरली. आपला रुपया ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरला ८२ च्या पलीकडे गेला. खनिज तेल, खते, खाद्यतेल हे सारे आपण डॉलर देऊन आणतो. रुपया उतरला की तेच जिन्नस अधिक रुपयांना पडतात. घरच्या महागाईचाही रेटा होताच. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात आपला दर ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला.

या संदर्भात श्रीलंकेकडे आपण विशेष लक्षपूर्वक पाहावे. १९५० साली कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस बाबासाहेब ज्या देशात गेले होते, तोच हा देश. २०१९ च्या अखेरीस तेथील सरकारने करांत मोठी कपात केली. पुढे साथीमुळे पर्यटन थांबले. २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली आणि भाताचे पीक घटले. सरकारी खर्च भागविण्यासाठी मध्यवर्ती बँक नोटा छापून सरकारचेच रोखे विकत घेत राहिली, आणि त्याच वेळी गंगाजळी खर्चून डॉलरचा भाव २०० रुपयांच्या आसपास दाबून धरीत राहिली. मार्च २०२२ मध्ये तो हातचा सुटला आणि दोनेक महिन्यांत ३६० वर गेला. एप्रिलमध्ये परदेशी कर्जाची फेड थांबविल्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात बँकेने एका दिवसात व्याजदर सात टक्क्यांनी वाढविला. तरीही सप्टेंबरमध्ये कोलंबोतील महागाई सुमारे ७० टक्क्यांवर पोहोचली. देश बौद्ध असला म्हणून अर्थशास्त्राचे नियम त्याला माफ होत नाहीत. कार्यकारणभाव सर्वांना सारखाच लागू आहे, आणि तो शिकविणारा धम्म आपलाच आहे. २०२३ च्या नव्या कायद्याने तेथील बँकेला सरकारसाठी अशा नोटा छापण्यास मनाई केली. बाबासाहेब जी मर्यादा मागत होते, ती हीच.

मग महागाई रोखण्यासाठी दर वाढविणे हे नेहमीच गरिबाच्या हिताचे समजावे काय? तसेही नाही. १९७९ पासून पॉल व्होल्कर यांनी अमेरिकेत दर इतके चढविले की ते २० टक्क्यांच्या घरात गेले. महागाई उतरली खरी. परंतु १९८२ च्या अखेरीस बेकारी १०.८ टक्के झाली, आणि कृष्णवर्णीयांतील बेकारी २० टक्क्यांच्याही वर गेली. डॉलरचे कर्ज डोक्यावर असलेल्या मेक्सिकोने ऑगस्ट १९८२ मध्येच फेड अशक्य असल्याचे जाहीर केले होते. औषध एकच, पण त्याचा कडवटपणा कोणाच्या वाट्याला अधिक येतो, हे बँकेच्या तक्त्यांवरून कळत नाही. ज्याला कामावर शेवटी घेतात आणि प्रथम काढतात, त्याने ते स्वतःच मोजावे लागते.

बंधुभगिनींनो, कूटदन्त सुत्तात राजाला दिलेला सल्ला आपण वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकला असेल. शेतकऱ्याला बी द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला वेतन द्यावे, असा तो सल्ला आहे. आजच्या काळात भांडवल बँकेच्या दारातून येते, आणि त्या दाराचे नियम आपणांस पाठ असले पाहिजेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. शिवाय बौद्ध हे अधिसूचित अल्पसंख्याकही आहेत. रिझर्व्ह बँकेच्या अग्रक्रम कर्जाच्या नियमांत दुर्बल घटकांमध्ये या दोहोंचा समावेश आहे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी तारण मागता येत नाही. बदलत्या दराचे घरकर्ज ऑक्टोबर २०१९ नंतरचे असेल, तर त्याचा दर बाह्य मानकाशी जोडलेला असतो आणि निदान तीन महिन्यांतून एकदा तो फेरतपासावा लागतो. फेब्रुवारी ते जून २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने दर ६.५० वरून ५.५० टक्क्यांवर आणला. तो उतार आपल्या हप्त्यात दिसला की नाही, हे पासबुक उघडून पाहा.

बचतगटातील भगिनींना वेगळे सांगणे आहे. सूक्ष्म वित्त कंपन्यांच्या व्याजावरील कमाल मर्यादा एप्रिल २०२२ पासून उठली आहे, आणि दिल्ली-मुंबईत दर उतरला म्हणून त्यांचा दर उतरतोच असे नाही. मात्र सर्व कर्जांचे हप्ते मिळून कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत, तारण घेता कामा नये, आणि मुदतीपूर्वी फेड केल्यास दंड आकारता कामा नये, हे नियम आहेत. वसुलीला येणाऱ्या माणसाला ते बिनदिक्कत ऐकवा.

अनुसूचित जातीच्या अर्जदाराचे कर्ज नाकारावयाचे असेल, तर तो निर्णय शाखेत न होता वरच्या पातळीवर व्हावयास हवा आणि नकाराचे कारण नोंदवावयास हवे. कारण लेखी मागा आणि त्याची प्रत जपून ठेवा. बँकेकडे केलेल्या तक्रारीला तीस दिवसांत उत्तर मिळाले नाही, किंवा मिळालेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.